रेशमी टोप्या घातलेल्या बरण्या

मर्गिलानच्या आमच्या गल्लीत माझं नाव निघालं की पाठोपाठ दोन गोष्टी बोलल्या जातात. रिसोलत ओपाचा, म्हणजे रिसोलतताईचा, आवाज कधी भिंतीपलीकडे जात नाही, आणि रिसोलत ओपाच्या लोझिजोनला तोड नाही. दोन्ही ऐकल्या की मी मान खाली घालते. मान खाली घातली की चेहरा दिसत नाही, ही त्यातली मोठी सोय.

लोझिजोन म्हणजे आमची लाल मिरची-लसणाची चटणी. लगमानच्या शेवयांवर ती नसेल तर पाहुणा जेवतो, पण घरी जाऊन बोलतो. माझी पद्धत सरळ होती. पानगळ सुरू झाली की ताज्या लाल मिरच्या आणि सोललेला लसूण खिम्याच्या यंत्रातून काढायचा, मीठ लावायचं, बरणीत दाबून भरायचं आणि वर सरकीचं तेल बोटभर उभं करायचं. झाकण लावण्याआधी प्रत्येक बरणीवर मी दुरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची प्रार्थना, म्हणत असे.

माझी सून झेबो तेव्हाच म्हणाली होती, यात थोडा शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालूया, आणि बरण्या फ्रिजमध्ये ठेवूया. कच्चा लसूण तेलाखाली असा कोंडून उबेत ठेवू नये. मी अगदी हळू आवाजात तिला सांगितलं की बाळ, यावर दुरूद म्हटलेलं आहे. ती गप्प बसली. बसणारच. यापुढे जो बोलेल तो माझ्याशी नाही, दुरूदाशी वाद घालेल, अशी मी व्यवस्था करून ठेवली होती. हळू बोलणाऱ्या बाईचं असंच असतं. ती भांडत नाही, नुसती जिंकते.

आणि फ्रिजमध्ये बरण्या ठेवायच्या तर त्या बघणार कोण? आमच्या पाहुण्यांच्या खोलीत भिंतीतले कोनाडे आहेत. त्यांत चिनी मातीची भांडी मांडतात. मी भांडी सरकवली आणि मधोमध लालभडक बरण्या ओळीने लावल्या. शेजारी रेशमाचा माग आहे, तिथून अतलसच्या चिंध्या आणून प्रत्येक झाकणाला रेशमी टोपी शिवली, दोऱ्याने घट्ट गाठ मारली. खोलीत हिवाळाभर शेगडी पेटती. बरण्या उबेत, उजेडात, टोप्या घालून बसलेल्या, जणू लग्नाला आलेली मंडळी. येणारी प्रत्येक बाई आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग मला सलाम करायची. मी म्हणायची, कसलं काय, साधी घरगुती चटणी. आणि ओळ मोडेल म्हणून एकही बरणी उघडू देत नसे.

यातल्या दोन बरण्या मी माझ्या मुलीच्या, मफ्तुनाच्या सासरी पाठवल्या होत्या. तिची सासू खोसियत, म्हणजे माझी विहीण, हिचा आवाज असा की ती अंगणात बोलली तर बाजारातून उत्तर यावं. मागणीच्या दिवशी आमच्या घरी समोसा खाऊन ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "विहीणबाई, कांद्यात कंजूषी केलीत." मी तिला त्याच दिवशी क्षमा केली. त्यानंतरही रोज पाचही नमाजांनंतर करत आले, त्यामुळे तो कांदा मी कधी विसरले नाही.

त्याच खोसियतचा पानगळ संपता संपता फोन आला, की तुमच्या लोझिजोनने आमच्याकडे धुमाकूळ घातलाय, माझ्या नणंदा बोटं चाटतायत. मी मान खाली घातली, फोनवरसुद्धा. तिने विचारलं, त्यात ती बारीकशी आंबट चव कशाची? मी तर आंबट काहीच घातलं नव्हतं. क्षणभर चक्रावले आणि मग उमगलं, दुसरं काय असणार. मी म्हटलं, "विहीणबाई, ती नुसती बरकत."

खोसियत गप्प झालेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, भक्तिभावाने गप्प झाली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात मला कुणावर ढकलायला जागा राहिलेली नाही.

हिवाळा सरत आला होता. गुरुवार होता, सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा असतो. शिवाय पहाटेच्या नमाजनंतर सूर्य वर येईपर्यंत मी दुनियेचं बोलत नाही, फक्त जप करते. तशी एका हातात जपमाळ आणि एका हातात फडकं घेऊन मी कोनाडे पुसत होते. बघते तर एका बरणीची टोपी तिरकी झालेली. नीट करायला गेले तर खालून काहीतरी टणक टेकलं. गाठ सोडली. झाकण मधोमध फुगून वर आलं होतं, तव्यावरच्या पोळीसारखं. दुसरीची टोपी काढली. तीही तशीच. तिसरीच्या कडेने तेल पाझरून खालच्या कापडावर लाल वर्तुळ पडलं होतं. महिनोन् महिने मी हे फुगलेलं ऐश्वर्य रेशमाखाली झाकून पाहुण्यांना दाखवत होते.

तेवढ्यात झेबो आत आली. मी बोलू शकत नव्हते, म्हणून बोट दाखवलं. तिला वाटलं, धूळ दाखवतेय; तिने फडकं घेतलं. मी पुन्हा बोट दाखवलं, गाल फुगवून दाखवले. ती म्हणाली, "दाढ दुखतेय का, ओयी?" मग तिची नजर झाकणांवर गेली आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या मामाने एकदा घरच्या बंद बरणीतली वांगी खाल्ली होती. ना वास वाईट होता, ना चव. दुसऱ्या दिवशी त्याला एकाचे दोन दिसायला लागले, घोट गिळता येईना, आणि दवाखान्यातून घरी यायला त्याला ऋतू बदलावा लागला. हे सगळं तिने मला उभ्या उभ्या सांगितलं. त्या आजाराचं नावही सांगितलं, बोट्युलिझम. हवा न लागता, आंबटपणाशिवाय, उबेत झाकून ठेवलं की त्याचं विष तयार होतं, म्हणाली. मी ऐकत होते आणि मणी ओढत होते. आयुष्यात पहिल्यांदा सुनेला मधे तोडता आलं नाही, आणि तेही नेमकं याच दिवशी.

ऊन अंगणात उतरलं आणि मला बोलता आलं. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'उवोल'. अन्न टाकलं की उवोल होतं, अन्नाचा तळतळाट लागतो. भाकरीचा तुकडा रस्त्यात दिसला तर आम्ही उचलून भिंतीवर ठेवतो, की निदान पाखराच्या पोटात जावा. आणि इथे बरण्याच्या बरण्या. मी म्हटलं, उकळून घेऊ. नाहीतर मी संध्याकाळी रोजा सोडताना थोडं चाखून बघते.

झेबोने बरण्या माझ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या. "ओयी, हे चाखून कळत नाही. उघडायच्यासुद्धा नाहीत. आहेत तशा पिशवीत घालून पुरायच्या, कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल." मग जरा थांबून म्हणाली, "मफ्तुनाकडे दोन गेल्यात ना?"

मफ्तुनाला दिवस गेले होते. आणि तिखटाचे डोहाळे लागले होते.

मी लगेच फोन लावला. पण आमच्याकडे विहिणीला फोन केला की आधी तिची तब्येत, मग व्याह्यांची, मग मुलांची, लेकींची, जावयांची, दिराच्या गुडघ्यांची आणि गाईची विचारपूस करावी लागते. तिनेही तेच सगळं उलट विचारलं. गाईपर्यंत पोचेस्तोवर माझा धीर सुटला. ती आनंदाने सांगत होती की आज दुपारी लगमान आहे, नणंदा यायच्यात, तुमची पहिली बरणी संपली, आज दुसरी काढायची. मफ्तुना सकाळपासून तिच्याभोवती घुटमळतेय. आता इथे मला एवढंच म्हणायचं होतं की ती उघडू नका. मी म्हणाले, "तब्येतीला जपा हं, विहीणबाई." आणि फोन ठेवला.

झेबो हात कमरेवर ठेवून उभी होती. ती म्हणाली, तुम्ही सांगताय की मी सांगू? तिने सांगितलं असतं तर काम दोन वाक्यांत झालं असतं. पण मग गावभर झालं असतं की रिसोलत ओपाच्या चटणीत विष निघालं आणि ते सांगायलाही तिने सुनेला पुढे केलं. मी म्हटलं, मी स्वतः जाते. लेकीच्या जिवाचा प्रश्न होता, पण खरं सांगायचं तर दमासच्या छोट्या भाड्याच्या गाडीत बसेपर्यंत मी निम्मा विचार त्या कांद्याचाच करत होते.

रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून मांडीवर तुतीच्या शिन्नीची बाटली होती. हा तुतीचा पाक मी तासन् तास आटवते, मधासारखा दाट होईपर्यंत. तो बिचारा मला कधी दगा देत नाही आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही. वाटेत मी बेत आखला. गवगवा न करता बरणी गायब करायची. चोरी म्हणावं तर वस्तू मूळची माझीच. खोटं म्हणावं तर बोलायचंच नाही, मग खोटं कुठून येणार? रोज्याच्या दिवशी, ओठांवर जप चालू असताना, मी चोरीच्या बाजूने इतके पुरावे गोळा केले की काझीनेही मला सोडून दिलं असतं.

पोचले तेव्हा जमिनीवर जेवणाचं दस्तरखान मांडून झालं होतं. खोसियतच्या दोन नणंदा बसल्या होत्या, मफ्तुना वाडगे लावत होती, आणि मधोमध माझी बरणी, रेशमी टोपी घालून. मला पाहताच खोसियतने असा गजर केला की गाईनेही मान वर केली. मला मानाच्या जागी, दारापासून सगळ्यांत लांब बसवलं. बरणी हाताशी होती, पळवाट मात्र पार दुसऱ्या टोकाला.

वाफाळते वाडगे येईपर्यंत सगळ्या बोलण्यात गुंतल्या. मी ओढणी सारखी करायच्या निमित्ताने बरणी हळूच जवळ ओढली. मग अजून थोडी. मग ती ओढणीखाली आली. टोपीची गाठ माझ्या बोटांना लागली आणि मला काहीतरी खटकलं. मी घट्ट गाठ मारते, इथे फुलपाखरासारखा फास होता. पण चोराला असल्या बारकाव्यांकडे बघायला वेळ कुठे.

"ओयी," मफ्तुना म्हणाली, "आज गुरुवार. तुमचा रोजा नाही का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ओढणीखाली माझ्या पोटाशी बरणीएवढा उंचवटा होता.

मी म्हटलं, नुसती बघत होते. धाकटी नणंद म्हणाली, बघायला ओढणीखाली कशाला घेतलीत? थोरली म्हणाली, असू दे, स्वतःच्या हातच्या वस्तूवर जीव असतोच. आणि तिने प्रेमाने हात पुढे करून बरणी माझ्या ओढणीखालून काढून घेतली. टोपी सोडली. झाकण सपाट होतं, पण ते मी पाहिलंच नाही, मी मफ्तुनाचा हात पाहत होते. तिने चमचा घातला, लाल तेल निथळू दिलं आणि तोंडाकडे नेला.

मी ओरडले.

काय ओरडले ते मला आठवत नाही. मफ्तुना म्हणते, "टाक!" असं ओरडलात. नणंदा म्हणतात, नुसताच आवाज होता. एवढं नक्की की चमचा माझ्या हाताच्या फटक्याने उडाला, माझ्या पांढऱ्या ओढणीवर लाल शिंतोडे उडाले, आणि अंगणापलीकडून कुणीतरी विचारलं, काय झालं हो?

खोसियत उठली. तिने मोठ्याने जाहीर केलं की विहीणबाईंना रोज्याची चक्कर आलीय, कुणी हलू नका, आणि माझ्या दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. मी सांगून टाकलं सगळं: झाकणं फुगलीयत, त्यात विष असेल, आधीच्या बरणीतलंही तुम्ही खाल्लंत, पोरीला लगेच डॉक्टरकडे न्या, हे सगळं माझ्यामुळे.

खोसियतने आधी मला पाणी पुढे केलं, मग रोजा आठवून स्वतःच प्यायली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"विहीणबाई, तुमची लोझिजोन या घरात कुणीच खाल्लेली नाही."

मी ओढणीवरच्या लाल शिंतोड्यांकडे पाहिलं.

तिने सांगितलं. बरण्या आल्या त्याच आठवड्यात तिने पहिली उघडायला घेतली, तर झाकण फुस्स झालं आणि लाल फेस हातावर आला. दुसरीही तशीच. तिने दोन्ही पुरून टाकल्या, तसल्याच नव्या बरण्या आणल्या आणि स्वतःच्या हातची लोझिजोन भरली: मिरची-लसूण शिरक्यात उकळून, गरम गरम भरून, फ्रिजमध्ये. थोडी थोडी बाहेर काढायची, कोरड्या चमच्याने. माझ्या टोप्या तेवढ्या धुऊन, इस्त्री करून पुन्हा बांधल्या. "नवी सून घरात आलेली. नणंदांच्या जिभा तुम्हाला ठाऊक आहेत. आईने विषारी चटणी पाठवली, हे त्या पोरीने जन्मभर ऐकलं असतं."

"मला तरी सांगायचं," मी म्हटलं.

"सांगणारच होते. फोनवर आंबटपणाचं विचारलं ते त्यासाठीच. म्हटलं, तुम्ही म्हणाल, मी शिरका घालत नाही, मग मी हळूच विषय काढीन." तिच्या ओठांचा कोपरा हलला. "तर तुम्ही म्हणालात, बरकत."

मी तिथल्या पिठाच्या डब्यावर बसले. मफ्तुना वाचली म्हणून, आणि दुसऱ्या कारणानेही. म्हणजे हिवाळाभर या घरून आलेल्या ज्या ज्या कौतुकाला मी मान खाली घातली होती ते सगळं या बाईचं होतं. मी जी रोज क्षमा करत होते तीही हिलाच. मी तिला विचारलं, अन्न टाकताना उवोलची भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली ना, पण उवोलची माफी मागता येते. माणूस गेल्यावर कुणाकडे मागणार? आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "आता चला, लगमानचा लगदा होतोय."

बाहेर आलो. मी ठरवलं होतं की आता सगळ्यांसमोर खरं बोलायचं. तेवढं तरी मला करायलाच हवं होतं. थोरल्या नणंदेने माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली, "रिसोलत ओपा, आज तुम्ही कृती सांगितल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

मी म्हटलं, "ही माझी नाही. ही विहीणबाईंच्या हातची आहे. माझी खराब झाली होती."

माझ्या त्याच आवाजात म्हटलं. दुसरा आवाज एकदाच निघतो, तो निघून गेला होता.

नणंदांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ती म्हणाली, "एवढं कौतुक होतंय आणि श्रेय विहिणीला देतायत. आपल्याला जमेल का असं?" थोरली म्हणाली, रोज्याचं तेज आहे ते. मी पुन्हा सांगितलं, खरंच, शप्पथ, नाही माझी. त्यावर थोरलीने माझा हात हातात घेतला आणि मला जास्त बोलण्याचे कष्ट देऊ नका असं सगळ्यांना सांगितलं. मी मदतीसाठी खोसियतकडे पाहिलं. तिने ओढणीने तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. मफ्तुना तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत, त्या चटणीचे चमचेच्या चमचे खात होती.

निघताना खोसियतने मला गाठोडं दिलं. शिन्नीची बाटली ठेवून घेतली होती, रिकामे हात परत पाठवायचे नाहीत म्हणून बदल्यात काहीतरी होतं. घरी येऊन झेबोने सोडलं. आत छोटीशी बरणी, थंडगार, डोक्यावर माझी रेशमी टोपी. झेबोने काही न विचारता टोपी काढली, झाकण दाबून पाहिलं, चिठ्ठीवर आजची तारीख लिहून चिकटवली आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. आमच्या बरण्या तिने आधीच परसात पुरल्या होत्या, वर दगड ठेवला होता. कोनाड्यात आता पुन्हा चिनी मातीची भांडी होती. त्यांच्यात ओळखीचा एक चहाचा वाडगा होता, मला वाटत होतं तो मागेच फुटला.

सूर्य मावळला. मी खजुराने रोजा सोडला. मग मी जे कधी करत नाही ते केलं. मला तिखट सोसत नाही, माझ्या हातची लोझिजोन मी स्वतः कधीच खाल्लेली नाही, हे सांगायचं राहिलं. मी भाकरीच्या तुकड्यावर खोसियतच्या चटणीचा थेंब घेतला आणि खाल्ला. जीभ पेटली, आणि मागून ती बारीकशी आंबट चव आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

झेबो बघत होती. तिला वाटलं, सासूबाईंना पश्चात्ताप झाला. ती हळूच उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, असू दे, ओयी.

मी मान खाली घातली.